लिटरेचर रिव्ह्यूमध्ये भांडण कुठे गेलं? धनगरांच्या भटकंतीवरच्या दोन अभ्यासांची चिकित्सा



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. 'या विषयावर आधी काय काम झालंय?' बहुतेक जण इथे नावं आणि वर्षं म्हणून दाखवतात. अमुक यांनी या साली हे केलं, तमुक यांनी त्या साली ते केलं. समितीतले सर किंवा मॅडम मान डोलावतात आणि मग विचारतात, 'बरं, पण या दोघांचं एकमेकांशी पटतं का?' इथे गाडी अडते. कारण आपण निबंध वाचलेले असतात ते एकेकटे. ते एकमेकांसमोर ठेवून वाचलेले नसतात.

तेच आज करून बघू. विषय आपल्या जवळचा आहे, धनगर मेंढपाळांची सहा-सात महिन्यांची डोंगरातून होणारी भटकंती. या लोकांवर दोन फार मोठी कामं झाली आहेत. एक आहे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचं, परिस्थितीकीच्या अंगानं केलेलं. दुसरं आहे गुंथर सोन्थायमर यांचं, दैवतं आणि ओव्यांच्या अंगानं केलेलं. विज्ञानाचे विद्यार्थी पहिलं वाचतात, मराठी-इतिहासाचे विद्यार्थी दुसरं. दोन्ही वाचणारे कमी. माझं म्हणणं असं, की पहिल्या अभ्यासात जी गोष्ट निसटली ती दुसऱ्यात नोंदलेली आहे, आणि दुसऱ्यात जे कच्चं राहिलं ते पहिल्याच्या पद्धतीनं पक्कं करता येईल. पण त्यासाठी आधी दोघांशीही थोडं भांडावं लागेल.

आधी वाट समजून घेऊ

नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला इगतपुरी, तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव, तिथे जेमतेम ५०० च्या आसपास. मधलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. एका जिल्ह्यात पावसाचा एवढा मोठा उतार असल्यावर गवताचं वेळापत्रकही बदलतं. पूर्वेकडे पावसाळ्यात माळ हिरवा होतो आणि दिवाळीनंतर हळूहळू वाळतो. तेव्हा घाटाखाली कोकणपट्टीत भातकापणी झालेली असते, शेतं मोकळी असतात, ओढ्यांना पाणी असतं.

मग मेंढपाळ काय करतो? पाऊसकाळ पूर्वेच्या माळावर काढतो आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून निघतो. काही वाडे कसारा घाट उतरून ठाणे-पालघरच्या बाजूला जातात, काही घाटमाथ्यावरच गावोगाव फिरतात. वाडा म्हणजे इथे दगडविटांची वास्तू नाही, एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा तळ. पुन्हा पाऊस यायच्या आत वर परतायचं, कारण कोकणच्या पावसात दख्खनी मेंढी टिकत नाही. लोकर भिजते, खूर कुजतात.

वाटेत रात्री मेंढ्या कुणाच्या तरी शेतात बसवतात. भोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण लावायचं, रात्रभर कळप आत. सकाळी शेतकऱ्याला लेंड्या आणि मुताचं खत मिळालेलं असतं. बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. हा रात्रीचा व्यवहार लक्षात ठेवा, पुढे तोच आपल्या कामाला येणार आहे.

पहिला अभ्यास: लोण्याचं गणित

गाडगीळ तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते, मल्होत्रा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. मल्होत्रा त्याआधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांच्याबरोबर काम केलेले. धनगर ही एक जात नसून एकमेकांत लग्न न करणाऱ्या अनेक गटांचा समूह आहे, ही मांडणी कर्वे यांच्यापासूनची. गाडगीळ-मल्होत्रा यांनी त्यावर पुढचा प्रश्न टाकला. हे गट जिथे राहतात तिथेच का राहतात?

१९८२ साली 'ह्यूमन इकॉलॉजी' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, विषय गवळी धनगर. हे मेंढ्या पाळणारे नव्हेत, म्हशी पाळणारे. सह्याद्रीच्या माथ्यावर, भरपूर पावसाच्या पट्ट्यात यांची वस्ती. खाली खोऱ्यात भात पिकवणारे कुणबी. गवळी दूध विकत नसत. दूध विरजायचं, ताक घरात प्यायचं आणि लोणी खाली नेऊन धान्य घ्यायचं.

का? दूध नासतं, जड असतं, डोंगर उतरेपर्यंत टिकत नाही. लोणी टिकतं आणि कमी वजनात जास्त किंमत देतं. ताकातली प्रथिनं घरातच राहतात, विकली जाते ती स्निग्धता. रस्ता नसलेल्या डोंगरात याहून चांगला व्यवहार सुचवणं कठीण आहे. हे वाचताना मला खरोखर आनंद झाला होता, कारण 'परंपरा' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीमागे कुणीतरी वजन, अंतर आणि नासण्याचा वेग बघितला होता.

१९८३ मध्ये याच दोघांनी 'ॲनल्स ऑफ ह्यूमन बायॉलॉजी'मध्ये हे सूत्र अख्ख्या जातिव्यवस्थेला लावलं. सूत्र असं: एकाच प्रदेशात राहणाऱ्या जातींनी निसर्गातली वेगवेगळी संसाधनं वाटून घेतली. परिस्थितीकीत याला 'निश' म्हणतात. म्हणजे एखाद्या प्रजातीचं निसर्गव्यवहारातलं ठरावीक स्थान: ती काय खाते, कुठे, कधी, कशी मिळवते. दोन प्रजातींचं स्थान वेगळं असेल तर स्पर्धा कमी होते. उदाहरण म्हणून पश्चिम महाराष्ट्रातले तीन भटके समाज: फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले. तिघेही शिकार करणारे, पण प्रत्येकाची साधनं वेगळी आणि शिकारही वेगळी. फासेपारधी फासे लावणार, नंदीवाले कुत्री घेऊन जाणार. मेंढपाळ धनगर, गवळी धनगर आणि कुणबी यांचंही असंच. कोरडा माळ एकाचा, ओला माथा दुसऱ्याचा, खोरं तिसऱ्याचं.

संशोधनाच्या विद्यार्थ्यानं यातून उचलण्यासारखं पुष्कळ आहे. प्रश्न स्पष्ट आहे. मांडणी तपासता येण्याजोगी आहे, म्हणजे पावसाचा नकाशा आणि वस्तीचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघता येतो. आणि माणसांकडे निसर्गाचा भाग म्हणून बघण्याचं धाडस आहे.

अडतं कुठे?

पहिली अडचण: नकाशा जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही. गवळी माथ्यावर आहेत आणि कुणबी खोऱ्यात, ही नोंद झाली. ते तिथे 'वाटून घेऊन' गेले, की एकानं चांगली जमीन धरली आणि दुसऱ्याला वर जावं लागलं? दोन्ही शक्यतांमध्ये आजचा नकाशा सारखाच दिसेल. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यातला फरक आपण कोर्सवर्कच्या पहिल्या आठवड्यात शिकतो. मोठ्या माणसांच्या निबंधात तो दिसेनासा होतो, एवढंच.

दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. स्पर्धा कमी आहे हे मोजलं कसं? निश वेगळे म्हणून स्पर्धा कमी, आणि स्पर्धा कमी दिसते म्हणून निश वेगळे, असं गोल फिरत राहिलं तर मांडणी कधीच खोटी ठरणार नाही. जी मांडणी खोटी ठरूच शकत नाही ती विज्ञानात फार उपयोगाची नसते. इथे एक वेगळं मोजमाप हवं होतं. भांडणं किती झाली, कुणाची जनावरं कोंडवाड्यात गेली, चराईचा करार कुणी मोडला, दंड कुणी भरला.

तिसरी अडचण: प्रजाती आणि जात यांची तुलना. दोन पक्ष्यांनी झाडाचे वेगवेगळे थर वाटून घेतले तर त्यात कुणी कुणाला विहिरीवरून हाकललेलं नसतं. जातीच्या वाटणीत कुणाला काय करता येणार नाही हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. फासेपारध्यांची शिकार वेगळी होती, हे खरं. पण त्यांना जमीन का नव्हती, हा प्रश्न निश या शब्दात मावत नाही.

लेखकांच्या बाजूनंही सांगायला हवं. १९८२ च्या निबंधात गवळ्यांची घसरण नोंदलेली आहे. चराईची रानं आटली, शेतकरी वस्ती वाढली, गवळी शेतीकडे वळले, काही दूर सरकले. म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं ते म्हणत नाहीत. पण त्यांच्या मांडणीत बिघाड नंतर येतो: आधी तोल होता, मग तो ढळला. आधीचा तोल मात्र गृहीत धरलेला आहे, तपासलेला नाही.

दुसरा अभ्यास: ओव्या ऐकणारा परदेशी

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. सोन्थायमर (१९३४–१९९२) मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक, हायडेलबर्ग विद्यापीठातले. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायद्यावर त्यांचं पुस्तक आहे. हा माणूस महाराष्ट्रात आला आणि धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांमध्ये, डोंगरातल्या ठाण्यांवर फिरत राहिला. १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक आलं. ॲन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९८९ मध्ये 'पास्टोरल डीटीज इन वेस्टर्न इंडिया' या नावानं निघाला. जर्मन उपशीर्षकात तीन गोष्टी आहेत: उगम, इतिहास आणि परिसर. म्हणजे परिसर हा शब्द एका दैवतांच्या अभ्यासकानंही मुखपृष्ठावर ठेवला होता. आपण विज्ञानवाले हे विसरतो.

पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे धनगरांनी सांगितलेल्या कथा. धनगरी ओवी ही जात्यावरची छोटी ओवी नव्हे. ती गायची आणि मग गद्यात उलगडून सांगायची, रात्रभर चालणारी लांब कथा. सुंबरान मांडायचं, देवाला आठवायचं आणि सुरू. या कथांत देव जन्मतो, रानात वाढतो, मेंढ्यांबरोबर चालतो, कुठल्या तरी वारुळाशी किंवा ओढ्याशी थांबतो. गावाचं नाव, टेकडीचं नाव, झाडाचं नाव येत राहतं. सोन्थायमर यांनी या कथा भूगोलाशी जोडून वाचल्या. देवाची वाट आणि कळपाची वाट यांचा संबंध त्यांनी दाखवला.

सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण आपल्या जिल्ह्यापर्यंत येतं. खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याची, घरातली, गावातली. बाणाई धनगराची, रानातली. मालेगावजवळची चंदनपुरी हे बाणाईचं गाव मानतात, पौषात तिथे मोठी यात्रा भरते. कथेत खंडोबा बाणाईसाठी वेश बदलून तिच्या वाड्यावर मेंढ्या राखायला राहतो. पुढे मेंढ्या मारतो आणि लग्नाचं वचन घेऊन त्या जिवंत करतो. लग्न होतं, पण दोघी सवती नांदत नाहीत. जेजुरीला गेला असाल तर आठवेल, बाणाईचं देऊळ गडावर नाही, अर्ध्या डोंगरावर आहे. सोन्थायमर यांनी या कथेवर पुन्हा पुन्हा काम केलं. स्थिरावलेला समाज आणि फिरता समाज यांच्यातलं नातं त्यांनी त्यात पाहिलं.

आता गाडगीळ-मल्होत्रा यांचं सूत्र शेजारी ठेवा. तिथे शेतकरी आणि पशुपालक एकमेकांना पूरक, दोघांची संसाधनं वेगळी, म्हणून स्पर्धा कमी. इथे त्याच पशुपालकांनी शतकानुशतकं सांगितलेल्या कथेत दोघी एकाच माणसावर हक्क सांगतात आणि रोज भांडतात. पूरकपणा इथेही आहे, देवाला दोघी हव्यात. पण पूरक असणं आणि भांडण नसणं ही एकच गोष्ट नाही, हे कथा सांगणाऱ्याला पक्कं माहीत आहे. गावातलीला गडावर जागा आणि रानातलीला अर्ध्या वाटेवर, हेही त्याच्या नजरेतून सुटलेलं नाही.

माझ्या मते निशच्या मांडणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप तिच्या टीकाकारांच्या कितीतरी आधी धनगरांनीच नोंदवून ठेवला होता.

या पुस्तकालाही प्रश्न आहेत

पण लगेच ओव्यांच्या प्रेमात पडू नका. मला या कामाबद्दल तीन प्रश्न आहेत.

एक, काळ. ओवी टेपवर आली विसाव्या शतकात. ती सांगते ते कधीचं? तोंडी परंपरेत जुनं टिकतं तसं नवंही मिसळतं. आजच्या कथेत आगगाडी आली तर आपल्याला कळतं. पण तीनशे वर्षांपूर्वी मिसळलेली गोष्ट कशी ओळखणार? सोन्थायमर यांना याची जाणीव होती. १९८० मध्ये त्यांनी पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्ती यांच्याबरोबर दख्खनच्या पशुपालनाची प्रागैतिहासिक पार्श्वभूमी आणि मौखिक परंपरा एकत्र तपासणारा लेख लिहिला. दिशा बरोबर होती. तरी देवाचा प्रवास रानातून देवळाकडे, म्हणजे समाजाचाही प्रवास भटकंतीकडून वस्तीकडे, असं सरळ रेषेत वाचण्याचा मोह या प्रकारच्या अभ्यासात कायम राहतो. काही घरं वस्ती करून पुन्हा फिरतीवर गेली असतील तर ती या रेषेत बसत नाहीत.

दोन, सांगणारा कोण. धनगरी ओवी मुख्यतः पुरुष सांगतात. वाड्यावर मात्र बिऱ्हाड बांधणं, घोडी लादणं, कोकरं सांभाळणं, पाणी शोधणं, नव्या तळावर चूल मांडणं हे बहुतांशी बायकांचं काम. तळ कुठे टाकायचा यात पाणी-सरपणाचा प्रश्न सगळ्यात आधी येतो. तो प्रश्न पडणाऱ्या माणसाचा आवाज रात्रीच्या गाण्यात कमी आहे. कथेतली बाणाई बोलते, पण ती बोलते पुरुष गायकाच्या तोंडून.

तीन, संख्या आणि प्रदेश. पुस्तकाचा गाभा नीरा-भीमेच्या आणि त्याच्या दक्षिणेच्या मुलखात आहे: जेजुरी, वीर, आरेवाडी, पट्टणकोडोली ही त्या दैवतांची मोठी ठाणी. चंदनपुरीचा धागा उत्तरेकडे येतो, पण उत्तर महाराष्ट्रातल्या वाड्यांचं चित्र त्यावरून काढता येणार नाही. शिवाय किती वाडे, किती मेंढ्या, कुठल्या महिन्यात कुठे, हे कथा सांगत नाही. ते तिचं कामही नाही. पण आपण तिच्यावर निष्कर्ष उभा करणार असू तर ते आपलं काम आहे.

दोघांना एकाच शेतात बसवून बघू

आता तो रात्रीचा व्यवहार आठवा. शेतात मेंढ्या बसवणं. निशच्या मांडणीला हे उदाहरण फार आवडतं. शेतकऱ्याला खत, मेंढपाळाला धान्य, दोघांचा फायदा. बाणाईची कथा माहीत असलेला माणूस मात्र विचारेल, भाव कोण ठरवतं?

इथे दोन्ही अभ्यास एकमेकांची परीक्षा घेऊ शकतात. समजा मी येवला ते कसारा या वाटेवरच्या वीस-पंचवीस शेतांत एका हंगामात नोंद ठेवली. एका रात्रीचा मोबदला किती, धान्यात की पैशात, कुणी कुणाला दिला. शेत बागायत की जिरायत. पाणी कुणाच्या विहिरीचं. पुढचं पीक कधी. आधी कधी वाद झाला होता का. आता दोन अंदाज बांधता येतात. व्यवहार निव्वळ पूरकतेवर चालत असेल तर मोबदला खताच्या उपयोगाप्रमाणे, म्हणजे मेंढ्यांच्या संख्येप्रमाणे आणि जमिनीच्या गरजेप्रमाणे बदलेल. व्यवहार ताकदीवर चालत असेल तर मोबदला मेंढपाळाच्या अडचणीप्रमाणे बदलेल. पाण्याला पर्याय नसेल, पुढचा तळ लांब असेल, तिथे तेवढ्याच मेंढ्यांचा भाव पडेल. कदाचित उलटे पैसेही मोजावे लागतील.

हे दोन अंदाज वेगळे आहेत, म्हणून यातला एक खोटा ठरू शकतो. कदाचित दोन्ही अर्धे-अर्धे खरे निघतील. तरी चालेल, कारण मग आपल्याला 'किती' हे सांगता येईल. आणि पाण्याचा प्रश्न विचारायला बायकांशी बोलावं लागेल, म्हणजे दुसऱ्या अभ्यासातली एक उणीव पहिल्या अभ्यासाच्या पद्धतीनं भरून निघेल.

नाशिकमध्ये हे करणं विशेष गरजेचं आहे. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं, लासलगावच्या पट्ट्यात कांदा. कालव्याचं आणि विहिरीचं पाणी आलं की शेत दोन-तीन पिकांखाली राहतं, मोकळं पडत नाही. द्राक्षबागेत कळप घालता येत नाही. निश वेगळे होते असं धरलं तरी एकाचा निश दुसऱ्याच्या मोटारीनं आणि ठिबकनं खाऊन टाकला तर त्याला स्पर्धा म्हणणार की नाही?

एक नवा निबंध, दोन्ही पद्धती हाताशी घेणारा

२०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा निबंध 'पीपल अँड नेचर'मध्ये आला. प्रश्न असा: पश्चिम महाराष्ट्रातले काटेरी झुडपांचे, गवताचे माळ हे तुटलेल्या जंगलाचे अवशेष आहेत, की ते मुळातच तसे आहेत? त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयातून आणि लोककथांतून रानटी वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. ४४ जाती मिळाल्या, त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश गवताळ माळरानाच्या. निष्कर्ष असा, की हे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहेत. इंग्रजांनी जंगल तोडलं म्हणून ते झालेले नाहीत.

ओवीतलं झाड इथे डेटा झालं आणि मोजलंही गेलं. सोन्थायमर यांच्या सामग्रीला गाडगीळ यांच्या शिस्तीत आणल्यासारखं. तरी चिकित्सा इथेही करायचीच. कथेत कुठलं झाड येतं? जे उपयोगी आहे, पवित्र आहे, टोचतं आहे. बाकीची झाडं असूनही गाण्यात येत नाहीत. म्हणजे हा नमुना यादृच्छिक नाही. कथांच्या काळाचा प्रश्नही राहतोच. शीर्षकातच 'ट्रँग्युलेट' हा शब्द आहे, म्हणजे हा पुरावा इतर पुराव्यांच्या जोडीनं वाचायचा. परागकण, जुनी छायाचित्रं, जुन्या महसुली नोंदी, जे मिळेल ते शेजारी ठेवायचं.

हे सगळं आज का?

कारण निबंधातला शब्द निबंधात राहत नाही. 'अतिचराई' हा शब्द अहवालात गेला की माळाला कुंपण पडतं. 'पडीक जमीन' हा शब्द नकाशात गेला की तिथे झाडं लावायचे खड्डे खणले जातात. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं आखली गेली तेव्हापासून चराई म्हणजे नुकसान हे समीकरण सरकारी कागदात पक्कं आहे. येवल्यातल्या ममदापूरच्या माळावर काळवीट राखीव क्षेत्र आहे. काळविटाला उघडा माळ लागतो, मेंढीलाही लागतो. तिथे मेंढी किती चरली तर काळविटाचं बिघडतं आणि किती चरली तर माळ उघडा राहायला मदत होते, हा मोजण्याचा प्रश्न आहे. आधीच ठरवण्याचा नाही.

आणि मोजायचं तर माणूस यादीत हवा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. त्यातल्या किती वाटेवरच्या, हे त्या आकड्यातून कळत नाही. गणना घर धरून होते आणि वाडा घरी नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद ठेवली आहे. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. म्हणजे येत्या काळात या विषयावर प्रकल्प निघतील, शिष्यवृत्त्या निघतील. तुमच्यापैकी काही जण तिथे अर्ज करतील. तेव्हा फक्त निशचा आराखडा घेऊन गेलात तर तुमच्या प्रश्नावलीत भांडणाचा रकानाच नसेल. मग वाडा कुणाच्या विहिरीवरून हाकलला गेला, हे पुढच्या अहवालातही येणार नाही.

तुमच्या रिव्ह्यूसाठी

विषय कुठलाही असो, दोन अभ्यास समोरासमोर ठेवताना हे प्रश्न वहीत लिहून घ्या.

१. दोघांचा मूळ प्रश्न काय? एकाच विषयावर असले तरी तो बहुतेक वेळा वेगळा असतो. इथे एकाचा 'कुठे आणि का', दुसऱ्याचा 'ते स्वतःबद्दल काय सांगतात'.

२. काय मोजलं आणि काय गृहीत धरलं? गृहीत धरलेलं सहसा पहिल्या दोन परिच्छेदांत असतं आणि तिथे संदर्भ दिलेला नसतो.

३. एकाच्या पुराव्यात दुसऱ्याचं म्हणणं खोडणारं काही आहे का? इथे बाणाईची कथा आहे.

४. कुणाचा आवाज नाही? आणि तो नसल्यामुळे निष्कर्ष बदलतो का? नुसतं 'स्त्रियांचा अभ्यास झालेला नाही' असं लिहू नका. त्या नसल्यामुळे पाण्याचा प्रश्न सुटला, असं लिहा.

५. दोघांपैकी एकाला खोटं ठरवू शकेल असं एक निरीक्षण सुचवा. ते सुचलं की तुमचा रिसर्च गॅप तयार आहे. 'या तालुक्यात अभ्यास झालेला नाही' हा गॅप नव्हे, तो नुसता नकाशातला रिकामा चौकोन आहे.

जमलं तर मूळ निबंध वाचा, सारांशावर भागवू नका. गवळ्यांच्या लोण्याचं गणित सारांशात दोन ओळींचं होतं, मूळ निबंधात ते पायरी-पायरीनं उलगडतं. सोन्थायमर यांचं पुस्तक ग्रंथालयात मागा, इंग्रजी जड वाटलं तर आधी कथांचा भाग वाचा. आणि दिवाळीनंतर कसाऱ्याच्या बाजूला जाणार असाल तर रस्त्याकडेच्या शेतात रात्री मेंढ्या बसलेल्या दिसतील. थांबून विचारा, आज रात्रीचे किती ठरले आणि पाणी कुणाचं. उत्तर वहीत लिहा, तारीख घाला.

पुढच्या लेखात मुलाखतीची प्रश्नावली कशी बनवायची ते बघू, याच रात्रीच्या व्यवहाराचं उदाहरण घेऊन.